घंटा गिळलेला ओंडका

मी एक ओंडका बोलतोय. बोलतोय म्हणजे आपलं मनातल्या मनात. तोंडात बोळा कोंबलेला असताना यापेक्षा जास्त कोणाला जमणार?

आधी मी झाड होतो. केवढा होतो ते विचारू नका. माझी सावली ओलांडायला निघालेली गोगलगाय पलीकडे पोचली ती आजी होऊनच. पुढे वादळात टेकडीवरचं एकूण एक झाड आडवं झालं. मी सगळ्यांत शेवटी पडलो, तेही एकट्याने उभं राहायचा कंटाळा आला म्हणून. यातलं थोडंफार वजा करा हवं तर. पुढचं मात्र सगळं खरं आहे.

मला उचलून नेलं एका शिल्पकार बाईने. पत्र्याच्या छपराखाली, भुशात आणि गार झालेल्या चहाच्या कपांमध्ये तिने माझ्यावर दोन वर्षं काम केलं. तिचे वडील वनरक्षक होते. लहानपणी रानातून फिरताना ते तिला एक गोष्ट सांगायचे. आठशे वर्षांपूर्वी एका तपस्व्याने मौन धरलं. आता हातातली घंटा कशाला हवी, म्हणून ती त्याने एका रोपट्याला अडकवली. रोपटं वाढलं, खोडाने घंटा गिळून टाकली. पुढे राजवाड्याच्या तुळईसाठी ते झाड तोडायला माणसं आली. पहिला घाव बसला आणि आतून घंटा वाजली. लाकूडतोडे जे पळत सुटले, ते वडिलांच्या मते अजून थांबलेले नाहीत.

त्या वडिलांचा उजवा कान आता गेला होता आणि डावा जायच्या बेतात होता. म्हणून तिने मला आतून कोरलं, पोटात पितळी घंटा टांगली आणि बुडाला किंचित गोलाई दिली. कोणी मला मिठी मारली की मी इंचभर डुलतो, घंटा वाजते. बाहेर फारसं ऐकू येत नाही. आवाज लाकडातून थेट छातीत उतरतो.

"कानांनी दगा दिला तरी बाबांना ऐकू आलं पाहिजे. एवढं कर रे माझ्यासाठी," पटाशी चालवताना ती मला म्हणायची.

मी शब्द दिला होता.

मग मला संग्रहालयात न्यायला माणसं आली. वाटेत घंटा आदळू नये म्हणून त्यांनी माझ्या ढोलीत हात घालून फोमचा भलामोठा बोळा गच्च बसवला. इथे पोचल्यावर फळ्या निघाल्या, घोंगड्या निघाल्या, यादीवर खुणा झाल्या. बोळा यादीत नव्हता, तो राहिला.

उद्घाटनाच्या दिवशी म्हातारबाबा हिरवा कोट घालून आले. मुलीला फोटोवाल्यांनी घेरलं होतं. तिने लांबूनच खूण केली, "बाबा, मिठी मारा त्याला!"

त्यांनी मारली. मी डुललो. जीव तोडून डुललो. काही नाही.

त्यांनी डोळे मिटले, गाल माझ्यावर घट्ट दाबला. परत काही नाही. त्यांच्या छातीतली धडधड मला कळत होती, माझी त्यांना नाही.

मग ते वळले आणि मोठ्याने म्हणाले, "वाजली गं बाळ! अगदी तश्शीच!"

ती गर्दीतच रडायला लागली, आनंदाने. कान तर गेलेच, आता छातीही बहिरी झाली, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. पण तिची दोन वर्षं वाया जाऊ नयेत म्हणून ते धडधडीत खोटं बोलले. माझ्यासारख्या थापाड्यालाही असं कधी जमलं नसतं.

दुसऱ्या दिवशी माझ्याभोवती दोरी लागली, 'हात लावू नये'. एका जाणकाराने माझ्यावर लेख लिहिला. माझं गाढ मौन म्हणे थेट त्या तपस्व्याचं आहे. तेव्हापासून लोक माझ्यासमोर गप्प उभे राहतात आणि निघून जातात. झाड असताना निदान सुतार पक्षी तरी टकटक करून विचारायचा, आहेस का आत?

एकदा सकाळी झाडणाऱ्या मावशींना ढोलीत बोळा दिसला. त्यांनी ओढला. त्यांचा कोपर लागून मी डुललो आणि वाजलो!

"अगं बाई! याच्या पोटात घंटा आहे!"

पहारेकरी धावत आला. "मावशी, काय उपटलंत ते? ठेवा आधी परत!"

"अहो, कचरा आहे हा. वीस वर्षं झाडतेय मी इथे, मला कळत नाही होय?"

"एवढ्या शिकलेल्या माणसांनी बुजवलंय, ते काय उगाच? माझी नोकरी घालवाल."

मावशींनी बोळा परत ठेवला. पण एक कोपरा मुद्दाम बाहेर ठेवलाय, चिमटीत येईल एवढा.

दर मंगळवारी तो हिरवा कोट एकटाच येतो. समोरच्या बाकावर तासभर बसतो, माझ्याकडे बघतो, जाताना दोरीपलीकडून मान हलवतो. गेल्या मंगळवारी त्याच्या हातात काठी आली होती.

तुम्ही कधी आलात तर मंगळवारीच या. दोरीखालून वाका, तो कोपरा ओढा आणि म्हातारबाबांना हाताला धरून माझ्यापर्यंत आणा. पहारेकरी ओरडेल, ओरडू द्या. मला फक्त इंचभर डुलायचंय.

आणि मुलीला यातलं काही सांगू नका. तिच्या हिशेबी मी उद्घाटनालाच वाजलोय.