बाजारातलं ते काम

एकोणीसशे सदुसष्ट साल. पोस्टासमोरचं जुनं झाड वादळात पडलं आणि चौक एकदम उघडाबोडका झाला, ते वर्ष. झाड पडलं नसतं तर कारंज्याची कल्पना कोणाच्या डोक्यात आली नसती, आणि कारंजं नसतं तर पुढचं सगळं नेहमीसारखं गुपचूप उरकलं असतं, असं मला आता वाटतं.

मी तेव्हा नगरपालिकेत टंकलेखिका होते. कचेरीत मी एकटीच बाई. सभागृहाला लागून एक चिंचोळी खोली होती, तिथे माझं टेबल. खिडकीची एक काच फुटलेली, तिथे पुठ्ठा लावलेला, आणि वारा सुटला की तो पुठ्ठा माझ्या यंत्राच्या तालावर फडफडायचा. यंत्रही तसंच. त्याचं ‘श’ अक्षर अडकायचं, दोनदा दाबल्याशिवाय उमटायचं नाही. वर्षातून एकदा हे फार जाणवायचं, कारण अंदाजपत्रकाच्या कच्च्या मसुद्यात बाजारपेठेच्या सदराखाली एक ओळ ठरलेली असायची: ‘स्त्रियांसाठी शौचालय बांधणे.’ दरवर्षी मी ती टंकायची आणि दरवर्षी पक्क्या प्रतीत ती नसायची.

हे कसं व्हायचं ते सांगायला हवं. आमच्या पालिकेची एक रीत होती. मसुदा मुद्दामच ऐपतीपेक्षा मोठा करायचा. प्रत्येक सभासदाचं एखादं काम त्यात घालायचं, म्हणजे त्याला आपल्या गल्लीत जाऊन सांगता यायचं, “घातलं होतं हो मी, पण बसलं नाही.” मग सभेच्या शेवटी एक ज्येष्ठ सभासद उठायचा आणि जी कामं गळायची ती एका दमात सुचवायचा, आणि तीही नाव न घेता, नुसत्या क्रमांकानं. बाकीचे म्हणायचे, “मंजूर.” चर्चा नाही, वाद नाही. कोणी कोणाला नाही म्हटलं, असं दिसायचंच नाही.

हा उठण्याचा मान माझ्या मामाचा होता. मामा शिंपी. चौकाच्या कोपऱ्यावर त्याचं दुकान, गळ्यात कायम टेप. त्यामुळे सभागृहात त्याचं नावच ‘कात्री’ पडलं होतं. लाकडाच्या वखारीचे मालक आमचे अध्यक्ष होते. ते आणि मामा लहानपणापासूनचे दोस्त. अध्यक्ष सभेच्या शेवटी खाकरायचे आणि म्हणायचे, “चला, आता कात्री निघू दे बाहेर.” सगळे हसायचे, मामा उठायचा, आणि बाजारातलं ते काम गळायचं.

माझ्या आईचं दुकान त्याच बाजारात होतं. दुकान म्हणजे एक खोकं: सुया, दोरे, बटणं, नाड्या, लेस. वडील गेल्यापासून तिनं ते चालवलं होतं. सकाळी कुलूप काढायची ते दिवेलागणीला लावायची. मधल्या वेळात जायची सोय नाही. पुरुषांना काय, गावातल्या सगळ्या भिंती त्यांच्याच. बायकांनी कापडवाल्याच्या घरी जायचं तर त्याच्या बायकोच्या कपाळावरच्या आठ्या बघायच्या. आईनं त्यावर सोपा उपाय काढला होता. ती दिवसभर पाणीच प्यायची नाही. बाजारातल्या बहुतेक बायकांचा हाच उपाय होता. उन्हातही ओठांवरून नुसती जीभ फिरवायच्या.

त्या वर्षी आईला ताप भरला. पाठीत अशी कळ की ती ओणवी होऊन भिंत धरून उभी राहायची. दवाखान्यात ठेवावं लागलं. डॉक्टरीणबाई माझ्यावरच डाफरल्या. “एक मूत्रपिंड दुखावलंय हिचं. पुन्हा असं झालं तर दुसरंही हातचं जाईल. पाणी प्यायला पाहिजे. भरपूर. कळतंय का?”

मला कळत होतं. आईलाही कळत होतं.

“पाणी पिऊ आणि जाऊ कुठं?” आई म्हणाली. “तुमच्या खुर्चीखाली?”

“मग दुकान बंद करा.”

“आणि घरी बसून काय करू? हिच्या टकटकीवर दोघींचं भागतं होय?”

त्या संध्याकाळी मामा आला. खाटेच्या कडेला बसला, टेप गळ्यात तशीच. मी त्याला बाहेर बोलावून सांगणार होते, पण आईच्या देखतच तोंडातून निघून गेलं. “मामा, या वेळी ते काम कापू नकोस ना. उलट त्याच्या बाजूनं बोल.”

मामानं टेप गळ्यातून काढून बोटांभोवती गुंडाळली. “बाळ, तुला वाटतं तितकं सोपं नाही ते. तिथे माझ्या बहिणीचं दुकान आहे. मी तोंड उघडलं तर उद्या गाव म्हणेल, शिंप्यानं बहिणीसाठी गावच्या पैशानं संडास बांधला. घरचं काम सभेत आणायचं नसतं. मी कधी आणलेलं नाही.”

आईनं कुशीवर वळायचा प्रयत्न केला, जमलं नाही, तशीच छताकडे बघत म्हणाली, “मग इतकी वर्षं कापत आलास, ते कोणाच्या बहिणीचं होतं रे, दादा?”

मामानं टेप उलगडली, पुन्हा गुंडाळली. जाताना आईच्या उशाशी पाण्याचा तांब्या होता तो भरून आणला आणि झाकण ठेवून गेला.

अंदाजपत्रकाची सभा पुढच्याच आठवड्यात होती. त्या वर्षी दोन गोष्टी वेगळ्या होत्या. एक म्हणजे चौकातलं कारंजं. अध्यक्षांच्याच डोक्यातून निघालेलं. मधोमध दगडी कुंड, भोवती बसायला कट्टा, आणि कट्ट्यावर एक पाटी, जिच्यावर कोणाचं नाव येणार हे सांगायची गरज नव्हती. झाडाच्या जागी खड्डा खणून कट्ट्याचे दगड रचायला सुरुवातही झाली होती. ‘पैसे नंतर दाखवू’ अशा भरवशावर. दुसरी गोष्ट म्हणजे जिल्ह्याचे एक साहेब सभा बघायला आले होते. सडसडीत, चष्मा, कोरी वही मांडीवर. ते बसल्यामुळे सगळे सभासद इस्त्रीच्या कपड्यांसारखे ताठ बसले होते.

मी कोपऱ्यात इतिवृत्त लिहून घ्यायला बसले होते. कामं एकेक करून वाचली गेली. गटारं, दिवे, शाळेचं छप्पर, कारंजं, बाजारातलं ते. वाचणाऱ्या कारकुनानं तो शब्द खोकल्यात गुंडाळून टाकला. मग शेवट आला. अध्यक्ष खाकरले.

मामा टेबलावरच्या आपल्या हातांकडे बघत होता.

अध्यक्ष पुन्हा खाकरले. “कोणाला काही सुचवायचंय?” साहेब समोर होते, त्यामुळे कात्रीचा विनोद करता येईना. नाव घेऊन उठवलं असतं तर सगळं आधीच ठरलेलं असतं हे उघडं पडलं असतं. सगळ्या माना मामाकडे वळल्या. औषधांच्या दुकानाचे मालक मामाच्या शेजारी बसत. त्यांनी टेबलाखालून त्याला कोपरानं ढोसलं, ते मला दिसलं. मामा हलला नाही. दुसरं कोणी उठावं, तर कापायचं काम मामाशिवाय कधी कोणी केलेलंच नव्हतं, आणि प्रत्येकाला वाटत होतं की हा आता उठेल, आता उठेल.

साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. “सूचना नसल्यास?”

“मग… मंजूर,” अध्यक्ष म्हणाले, आणि त्यांचा आवाज मी पहिल्यांदाच इतका बारीक ऐकला.

साहेबांची जीप वळली आणि चहाच्या खोलीत गलका झाला.

“अहो कात्री, झोप लागली होती काय?” औषधवाले ओरडले.

“गुडघा धरला होता,” मामा म्हणाला. “उठताच येईना.”

“गुडघा! तोंडाला काय झालं होतं?”

“बसून सूचना मांडायची पद्धत नाही आपल्यात.”

अध्यक्ष मामाकडे बघत राहिले. चहा हातातच निवला. मग म्हणाले, “मला आधी सांगायचं होतंस.” बस, एवढंच. ओरडले असते तर बरं झालं असतं, असं मामा पुढे एकदा म्हणाला.

साहेबांचा शेरा चार दिवसांत आला. खर्च उत्पन्नापेक्षा जास्त आहे, हे चालणार नाही. खास सभा घ्या, एक मोठं काम कमी करा, आणि कोणतं व का ते ठरावात स्पष्ट शब्दांत लिहा. कमी करण्याजोगी मोठी कामं दोनच होती, कारंजं आणि बाजारातलं ते, हे सगळ्यांना कळत होतं.

खास सभा लोकांना खुली असे. एरवी मागच्या बाकांवर मोडक्या खुर्च्यांशिवाय कोणी नसायचं. त्या दुपारी बाजार अर्धा बंद करून बायका आल्या. भाजीवाल्या, भांडीवाली, फुलंवाली, आणि भिंतीला टेकून, दवाखान्यातून नुकतीच घरी आलेली माझी आई. पायांची चुळबुळ, बांगड्यांचा आवाज. त्या सभागृहात तोवर बांगड्यांचा आवाज माझ्या एकटीचाच असायचा.

मामा खुर्चीत बसून होता. गुडघ्यावर हात.

शेवटी औषधवाले उठले. माणूस वाईट नव्हता. उधारीवर औषध द्यायचा, घरी तीन मुली होत्या. “अध्यक्षमहोदय,” ते म्हणाले, “माझी अशी सूचना आहे की बाजारातलं… बाजारातलं जे काम आहे, ते यंदा कमी करावं.”

मी लेखणी थांबवली. बाजाराच्या सदराखाली खरोखरच बरीच कामं होती. “साहेब,” मी विचारलं, “कोणतं काम लिहू? फरसबंदी, वजनकाटा, की दिव्याचा खांब?”

“नाही, नाही. ते दुसरं.”

“दुसरं कोणतं?”

“ते… बायकांचं.”

“ठरावात कामाचं नाव लागेल, साहेब. तसा शेरा आहे.” जे विचारलं ते कोणत्याही टंकलेखिकेनं विचारलं असतं.

त्यांनी मागे पाहिलं. मागच्या बाकांवरून सगळ्या बायका त्यांच्याकडे बघत होत्या. त्यांतल्या अर्ध्याअधिक त्यांच्या दुकानात औषधाला येणाऱ्या. त्यांनी घसा साफ केला. रुमाल काढला. तोंड उघडलं, मिटलं.

“संडास म्हणा की भाऊ!” मागून आईचा आवाज आला. “लाजता कशाला? आम्ही रोज नाव काढतो, जायला मिळत नाही एवढंच.”

आधी फुलंवाली हसली, मग भांडीवाली, मग सगळं सभागृह. औषधवाल्यांचे कान लालबुंद झाले, आणि मग तेही हसायला लागले. हसता हसताच खाली बसले. “राहू दे, अध्यक्ष,” ते म्हणाले. “माझाही गुडघा धरला.”

हसू ओसरलं. आता अध्यक्षांकडे बघण्यावाचून कोणापुढे काही उरलं नव्हतं. आई हसत नव्हती. तिचा एक हात पाठीवर होता, कळ आली की ठेवायची तसा. अध्यक्षांनी तो हात पाहिला की नाही मला माहीत नाही. ते खिडकीतून चौकातल्या खड्ड्याकडे बराच वेळ बघत होते. मग मला म्हणाले, “लिहून घ्या. चौकातलं कारंजं. सूचक, मी स्वतः. कारण लिहा, निकड नाही.”

मी लिहिलं. मामानं मान वर केली, अध्यक्षांकडे पाहिलं. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं नाही.

त्याच वर्षाच्या अखेरीस बाजाराच्या टोकाला काम उभं राहिलं. चार दारं, पाण्याची टाकी, बाहेर नळ. उद्घाटन कोणी केलं नाही. फीत कापायला कोणी तयारच होईना. एका सकाळी भांडीवाली कडी काढून सरळ आत गेली, तेच उद्घाटन.

त्यातल्या कोणाकोणाचं पुढे काय झालं ते सांगते, कारण आता सांगणारी मीच उरले आहे.

जिल्ह्याचे साहेब पुन्हा कधी आमच्या गावात आले नाहीत. आपण काय करून गेलो हे त्यांना कळलंही नसेल.

औषधवाले पुढल्या खेपेला अध्यक्ष झाले. त्यांच्या कारकिर्दीत कचेरीतही बायकांसाठी एक दार झालं, आणि त्या वेळी ठराव मांडताना त्यांनी तो शब्द मोठ्यानं, जरा जास्तच मोठ्यानं उच्चारला.

मामाला पुढच्या निवडणुकीत कोणी उभंच केलं नाही. त्याची तक्रार नव्हती. दुकानात बसून तो शेवटपर्यंत शिवत राहिला. त्या दिवशी मुद्दाम उठला नाहीस का, असं मी त्याला निदान दहा वेळा विचारलं असेल. दर वेळी एकच उत्तर. “गुडघा धरला होता गं.” आमच्या घरात अजूनही कोणाला एखादं काम करायचं नसलं की म्हणतात, गुडघा धरलाय.

पण रोज संध्याकाळी वखारीत जाऊन अध्यक्षांशी पत्ते खेळायचा, ते त्या सभेपासून बंद झालं. वर्षानुवर्षं दोघं रस्त्यात भेटले की नुसती मान हलवायचे. कारंज्याचं कुंड कोरडंच राहिलं. खड्डा बुजवला, पण रचलेला गोल कट्टा कोणी काढला नाही, आणि गावाला बसायला ती उत्तम जागा झाली. म्हातारपणी अध्यक्षांना वखारीत करमेना तेव्हा ते तिथे येऊन बसू लागले. मामाचं दुकान समोरच. एक दिवस मामा उठला, गुडघ्याला हात लावून, आणि रस्ता ओलांडून त्यांच्या शेजारी जाऊन बसला. काय बोलले ते मला माहीत नाही. पत्ते मात्र दुसऱ्या दिवसापासून कट्ट्यावर आले. अध्यक्ष आधी गेले, मामा दोन हिवाळ्यांनंतर.

मी निवृत्त होईपर्यंत त्याच चिंचोळ्या खोलीत टंकत होते. यंत्र बदललं, पुठ्ठ्याच्या जागी काच आली.

आणि आई. तिचं दुसरं मूत्रपिंड शेवटपर्यंत शाबूत राहिलं. पुढे पुष्कळ वर्षं तिनं खोकं चालवलं. दुकानात बटणांच्या बरण्यांशेजारी एक तांब्या असायचा. भर दुपारी, गिऱ्हाईक समोर उभं असलं तरी, ती हातातली लेस खाली ठेवायची, तांब्या तोंडाला लावायची आणि घटाघटा पाणी प्यायची, सगळा तांब्या रिकामा होईपर्यंत. गिऱ्हाईकानं घाई केली तर पदरानं तोंड पुसत म्हणायची, “थांबा हो जरा. इतकी वर्षं मी थांबले होते.”