बारा फुटांचं वाक्य

कारखान्यात मला समोरासमोर 'ताई' म्हणतात आणि पाठ वळली की 'नापासबाई'. मला दोन्ही ऐकू येतं, कान शाबूत आहेत माझे. बावीस वर्षं मी घडीच्या शिड्या तपासते. चारही पाय जमिनीला टेकतात का, उघडलेली घडी धरून ठेवणारा खटका नीट बसतो का, प्रत्येक पायरी पक्की धरणारं रिव्हेट घट्ट आहे का. बोट लावायचं, हलवून बघायचं आणि मगच वहीत लिहायचं. हात लावल्याशिवाय लिहायचं नाही आणि लिहिलेलं खोडायचं नाही, हे दोन नियम मला पहिल्याच दिवशी सांगितले होते. ते इतके अंगवळणी पडलेत की मी बाजाराच्या यादीतसुद्धा खाडाखोड करत नाही. एकदा चुकून तीन किलो कांद्याच्या जागी तेरा किलो लिहिलं, तर तेरा किलो आणले. घरचे अजून ऐकवतात.

मी नापास केलेल्या शिड्या बहुतेक वेळा हातोडीच्या असतात. हातोडी म्हणजे रिव्हेट मारणारी बाई. माझ्याच वयाची, माझ्याच दिवशी कामाला लागलेली, आणि आवाज असा की मशीन चालू असतानाही तिचं कुजबुजणं गेटपर्यंत जातं. 'नापासबाई' हे नाव तिचीच देणगी. दिवसातून दोनदा आमचं वाजतं आणि डबा मात्र आम्ही एकत्रच खातो.

माझं एक गुपित कारखान्यात फक्त तिला माहीत होतं. मला उंचीची भीती वाटते. शिड्या तपासणाऱ्या बाईला! हसा, मोकळेपणाने हसा. लहानपणी झाडावरून पडले वगैरे काहीही नाही, उगाचच वाटते. पण आमच्या शिड्या आठ फुटी. दुसऱ्या पायरीवर उभं राहिलं की माझा हात टोकापर्यंत पोहोचतो, त्यामुळे बावीस वर्षं काही अडलं नाही.

मग साहेबांनी नवीन माल काढायचं ठरवलं. गोदामांसाठी बारा फुटी शिड्या, पहिल्या तारखेपासून. माझ्या टेबलापाशी येऊन ते म्हणाले, "ताई, या शिडीला तपासनीस टोकापर्यंत चढणार. अगदी शेवटच्या पायरीवर उभं राहून खटका बघायचा. जमेल ना? नाहीतर तुम्हाला पॅकिंगला घेऊ, तिथे बसून काम आहे. त्यात काही कमीपणा नाही."

कमीपणा नाही म्हणे! पॅकिंगमध्ये शिड्यांना कागद गुंडाळतात. शिडी चांगली की वाईट, याच्याशी कागदाला काय देणंघेणं? मला माझं टेबल सोडायचं नव्हतं. माझ्या सहीशिवाय या कारखान्यातून एकही शिडी बाहेर पडत नाही, ही गोष्ट मला आवडते. स्पष्टच सांगते, फार आवडते. म्हणून मी "जमेल की!" म्हणाले आणि मनातल्या मनात बारा फुटांच्या पायऱ्या मोजायला लागले.

घरी काहीतरी बिनसलंय हे सुनेच्या लगेच लक्षात आलं, कारण मी वरणात दोनदा मीठ घातलं. सून फिजिओथेरपिस्ट आहे. हाड मोडून बरं झालेल्या माणसांना ती पुन्हा चालायला शिकवते, आणि पाय टाकायला घाबरणाऱ्यांकडून वहीत वाक्यं लिहून घेते. तिने मलाही पेशंट करून टाकलं.

"आई, रोज दहा मिनिटं. वहीत तीन वाक्यं लिहायची, स्वतःबद्दल, चांगली."

मी लिहिलं, 'मी उंचीला घाबरत नाही.'

"असं नको. 'घाबरत' शब्द आला की मन तेवढाच धरून बसतं. जे हवंय ते लिहा. आणि ते झालंच आहे असं लिहा. 'मी बारा फुटी शिडीच्या टोकावर शांत उभी आहे.'"

"कुठे उभी आहे? मी तर खुर्चीत बसलेय."

"मनात उभ्या राहा ना!"

"अगं, झालं नसताना झालं म्हणून लिहायचं आणि खाली सही ठोकायची, याला आमच्याकडे खोटा अहवाल म्हणतात. नोकरी जाते त्याने."

"सही करायला कोणी सांगितलंय?" सुनेने हात टेकले. "आई, ती शिडी आहे, हे मन आहे. आधी लिहायचं, मग मन हळूहळू तिथवर येतं. माझे पेशंट चालायला लागलेत असंच लिहून."

तिचे पेशंट चालतात हे मी डोळ्यांनी पाहिलंय, म्हणून मी वाद घातला नाही. तिने मला छान फुलांच्या मुखपृष्ठाची डायरी आणून दिली. पण कोऱ्या पानावर माझा हात चालेना. मला रकाने लागतात. शेवटी कारखान्याच्या स्टोअरमधून एक जादा वही मागून घेतली, हिरव्या पुठ्ठ्याची, आमच्या तपासणीच्या वहीसारखीच. अनुक्रमांक, तपासलेली बाब, शेरा, सही. सून बघून इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं.

रोज जेवणाच्या सुट्टीत मी लिहायला लागले. शेऱ्याचा रकाना मोकळा सोडायचे, कारण शेरा कशाच्या जोरावर लिहिणार? खोटं कशाला सांगू, पहिले चार दिवस मला स्वतःचाच राग आला. पाचव्या दिवशी मात्र 'मी धीट आहे' लिहिताना पेन अडखळलं नाही. एवढीच प्रगती. हातोडी डब्यातून डोकं वर काढून म्हणायची, "झाली का धीट? का अजून दोन पानं लागतील?"

पहिली तारीख आठवड्यावर आली असताना घोटाळा झाला. दुपारी जेवून, हातोडीशी वाद घालत, पान नीट न बघताच मी नेहमीप्रमाणे तीन वाक्यं लिहिली, सवयीने सहीसुद्धा केली, आणि वही मिटली. त्या दुपारी तपासायला नवी शिडी आली नाही, आणि चार वाजता तपासणीची वही नेहमीप्रमाणे साहेबांच्या केबिनमध्ये गेली. पाच वाजता निघताना मी माझी वही पिशवीत टाकायला घेतली, सहज उघडली, तर आजचं पान कोरं. दोन्ही वह्या हिरव्या. माझं धाबं दणाणलं. तेवढ्यात केबिनमधून बोलावणं आलंच.

साहेब माझ्या मुलाच्या वयाचे आहेत, शांत, आवाज कधी चढत नाही. त्यामुळे जास्त भीती वाटते. वही उघडून ते वाचायला लागले.

"शिडी क्रमांक चारशे बारा, पास. चारशे तेरा, पायाचं रबर सैल, नापास. चारशे चौदा, पास. त्याखाली..." ते थांबले, चष्मा वर सरकवला. "मी धीट आहे. भीती येते आणि जाते. मी बारा फुटी शिडीच्या टोकावर शांत उभी आहे. खाली सही, तुमची."



"ताई, हे कधी तपासलंत?"

काहीतरी थाप मारता आली असती. सुनेवर ढकलता आलं असतं. पण ती माझी वही होती, आणि त्या वहीत मी आजवर खोटं लिहिलेलं नाही. मी सगळं सांगून टाकलं. भीती, दुसरी पायरी, सुनेची वाक्यं, हिरवे पुठ्ठे.

"बावीस वर्षं सांगितलं नाहीत?"

"तुम्हाला येऊन सहाच झालीत."

त्यांच्या ओठांचा कोपरा हलला, पण लगेच जागेवर आला. "आता याचं काय करायचं? खोडता येत नाही. शेरा मोकळा ठेवता येत नाही, खरेदीदारांचा माणूस वही बघतो. असं करा, तिन्ही ओळींपुढे 'नापास' लिहा आणि पहिल्या तारखेपासून पॅकिंगला जा. मी कोणाला काही बोलणार नाही. तुमचा मान राहील."

त्यांनी पेन पुढे केलं. खरंच भल्या मनाने केलं. मी घेतलं, टोक कागदावर टेकवलं, आणि हात जागच्या जागी थांबला. बावीस वर्षांत 'नापास' हा शब्द मी हजारदा लिहिला असेल, पण न तपासता एकदाही नाही.

"साहेब, नापास लिहायलाही आधी तपासावं लागतं," मी म्हणाले.

नमुन्याची बारा फुटी शिडी शेडच्या मधोमध उभी होती. घरी निघालेले लोक बातमी कळताच परतले, कारण केबिनबाहेर थांबलेल्या हातोडीने ती कुजबुजून सगळ्यांना सांगितली होती. साहेबांनी स्वतः माझ्या कमरेला पट्टा बांधला, त्याची दोरी वरच्या तुळईवरून घेऊन धरली. हातोडीने शिडीचे पाय धरले.

"पडलीस तर माझ्या अंगावर पडशील," ती म्हणाली. "जरा विचार करून पड."

पहिल्या दोन पायऱ्या माझ्या ओळखीच्या. तिसरीवर पाय ठेवला आणि दोन्ही हातांनी शिडी घट्ट धरली. मी मनात म्हटलं, मी धीट आहे. मी शांत उभी आहे. कसली शांत! खालचे सगळे चेहरे वर बघत होते. आता इथून उतरायचं, पॅकिंगला जायचं आणि आयुष्यभर शिड्यांना कागद गुंडाळायचा, एवढंच डोळ्यांपुढे आलं.

तेव्हा समोर पायरीचं रिव्हेट दिसलं. दिसल्यावर बोट आपोआप गेलं. हलवून बघितलं.

"पायरी तिसरी, डावं रिव्हेट घट्ट," मी मोठ्याने म्हणाले. "उजवं घट्ट. साहेब, लिहून घ्या."

"माझ्या हातात दोरी आहे, ताई."

"मग लक्षात ठेवा!"

खाली हशा पिकला. मी पुढची पायरी चढले. चौथी, डावं घट्ट, उजवं घट्ट. पाचवी, तसंच. खाली बघायला मला वेळच नव्हता, मी कामावर होते. सातवीवर पाय इतके थरथरले की शिडी वाजायला लागली. मी तेही सांगितलं. "पायरी सातवी, रिव्हेट घट्ट. तपासनिसाचे पाय थरथरताहेत." सांगितल्यावर थरथर थांबली नाही, पण पुढची पायरी जवळ आली. आठवी. नववी. दहावी.

टोकाशी पोहोचले तेव्हा तुळईवरची धूळ हाताला लागेल इतकी मी वर होते. मला रडू येत होतं, उगाचच नाही, आनंदाने. मी खटक्याला बोट लावलं. दाबलं, ओढलं, पुन्हा दाबलं.

"वरचा खटका सैल!" मी ओरडले. "रिव्हेट तिरकं बसलंय. शिडी नापास!"

"काय?" हातोडी खालून गरजली. "वर जाऊन पण तेच?"

"तिरकं मारलंस तर काय करू?"

"ताई, आधी उतरा!" साहेब दोरी आवळत ओरडले. त्यांचा चढलेला आवाज मी पहिल्यांदाच ऐकला.

उतरताना जास्त भीती वाटली, हे इथे नोंदवून ठेवते. शेवटच्या पायरीवरून पाय जमिनीला लागले आणि जीव भांड्यात पडला. कोणीतरी टाळ्या वाजवल्या. साहेबांनी खटका खाली उतरवून घेतला, स्वतः हलवून पाहिला.

"यावर माणूस चढला असता गोदामात," ते म्हणाले. "पट्ट्याशिवाय." मग वही माझ्यापुढे ठेवली. "पहिल्या तारखेला दहा शिड्या येतील तुमच्या टेबलावर. हे आधी पुरं करा."

मी खुर्चीत बसले आणि खालून वर सुरुवात केली. 'मी बारा फुटी शिडीच्या टोकावर शांत उभी आहे.' शेरा: टोकावर उभी होते, बरोबर. शांत नव्हते, चूक. 'भीती येते आणि जाते.' शेरा: येते. जाण्याबद्दल पुन्हा तपासणी हवी. सुनेला हे कसं सांगायचं, याचा मी मनातल्या मनात विचार करत होते.

राहिली पहिली ओळ. 'मी धीट आहे.' माझा हात अजून कापत होता. सातव्या पायरीवर शिडी वाजवणाऱ्या बाईला धीट कसं म्हणायचं? मी 'ना' लिहायला पेन टेकवलं.

"थांब," हातोडीने वहीवर पंजा ठेवला. "स्वतःचं काम स्वतः तपासायचं नाही. नियम आहे की नाही, साहेब?"

"आहे," साहेब म्हणाले.

"मग आण इकडे."

"तुझी शिडी मी आत्ताच नापास केलीय," मी म्हणाले. "तू वचपा काढशील."

"काढते की."

तिने पेन घेतलं, पण लिहिलं नाही. आधी माझा हात आपल्या हातात धरला, रिव्हेट मारून मारून राठ झालेल्या हातात, आणि हलवून बघितला. दोनदा. मग शेऱ्याच्या रकान्यात, ओबडधोबड अक्षरात, तिने लिहिलं: 'हात लावून तपासलं. अजून थरथरतोय. पास.'

आणि खाली सही केली.