गंगाबाईंनी भरलेली ओटी

प्रतापनगरच्या रेल्वे क्वार्टरचा जिना चढताना मृदुलाला या भेटीतून काय मिळण्यासारखं होतं, ते आधी बघू. पहिल्याच फेरीत घर बोलतं झालं, तर मे महिन्यातल्या पुढच्या फेऱ्या वाचणार होत्या. त्याबरोबर गुडघेही. वर एखादा बरा चहा. कुटुंब सल्ला केंद्रातर्फे इतकी वर्षं लोकांच्या घरांत शिरल्यावर बाई याहून मोठी आशा धरत नाही.

मिळवायचं खरं तर मितालीला होतं. आणंदची ही गुजराती मुलगी हार्दिकशी लग्न करून मराठ्यांच्या घरात आली. सयाजीगंजच्या एका लॅबमध्ये ती रक्त तपासायची. आमच्या घरच्या सुना परक्यांना सुया टोचत फिरत नाहीत, असं म्हणून सासूने नोकरी बंद केली. हार्दिक मान खाली घालून जेवत राहिला, आणि मितालीचा फोन सासूच्या उशाखाली गेला. लॅबवाल्यांनी एक तारखेपर्यंत जागा धरून ठेवली होती. भाजी आणायला म्हणून निघालेली मिताली पिशवीसकट केंद्रात आली आणि गुजरातीत भडाभडा बोलली. समोरची बाई मराठी असेल हे तिच्या मनातही आलं नसावं, मृदुलाची गुजराती एव्हाना तशीच झाली होती. निघताना ती म्हणाली, "मृदुलाबेन, घरी या. सासूशी बोला. पण मी बोलावलंय हे कळू देऊ नका."

मृदुलाने ते पाळलं. केंद्राची माहिती द्यायला घरोघर फिरतोय असं सांगायचं, तर ते खरं असावं म्हणून शेजारची दोन घरं ती आधी करून आली.

मितालीच्या सासूने, गंगाबाईंनी, साखळी न काढता फटीतूनच, गुजरातीत, काय काम म्हणून विचारलं. आत भिंतीवर फेटेवाल्या माणसाचा फोटो दिसला. मृदुला मराठीत म्हणाली, "काकू, घोटभर पाणी मिळेल?"

साखळी निघाली. हा तिच्या कामातला जुना हात होता. पाणी मागायचं, घराची भाषा धरायची, आणि पहिला प्रश्न दुखण्याचा नाही, अभिमानाचा विचारायचा. तिने फोटोबद्दल विचारलं. हार्दिकचे खापरपणजोबा संस्थानच्या घोडदळात होते. मृदुलाच्या सासरचे त्याच संस्थानात कारकुनी करायचे, हे कळल्यावर गंगाबाई खुलल्या.

"म्हणजे आमच्यांनी घोडे दौडवायचे नि तुमच्यांनी त्यांची चंदी कापायची."

"म्हणून तर आज पायी फिरतेय, काकू."

दोघी पोट धरून हसल्या. मिताली चहा ठेवून गेली. त्यानंतर गंगाबाई जे बोलल्या, ते एरवी तिसऱ्या-चौथ्या भेटीतही कुणी सांगत नाही. सून कमवायला लागली की मुलाला आणंदला ओढून नेईल, मग त्याच्या रेल्वेच्या नोकरीबरोबर क्वार्टर जाईल आणि आपण जावेच्या दारात जाऊन पडू, ही त्यांची भीती होती. तोरा सगळा वरवरचा होता. मृदुलाला वाटलं, हे घर सांधता येईल. अंदाज अगदी बरोबर होता, तेवढं श्रेय तिला द्यायला हवं.

ती उठली तशा गंगाबाई म्हणाल्या, सवाष्ण बाई अशी रिकामी जायची नाही. आतून तबक आलं. हळदकुंकू, तांदूळ, खण, नारळ. ज्यांच्या घरचं काम चालू आहे त्यांच्याकडून काही घ्यायचं नाही, हा केंद्राचा नियम. पण नको म्हणायचं तर समजूत काढत आणखी पाव तास बसायचं, आणि बाहेर ऊन वाढलेलं. मृदुलाने पदर पसरला. गंगाबाईंनी सुनेला नमस्कार करायला सांगितलं. मिताली वाकली. उठताना तिने वर पाहिलं नाही.

गुरुवारी केंद्रात यायचं ठरलं होतं. मिताली आली नाही. पुढच्या गुरुवारीही नाही. एक तारीख दोन दिवसांवर आली, तेव्हा मृदुला पुन्हा तो जिना चढली.

दार मितालीनेच उघडलं. मृदुलाने हळूच गुजरातीत लॅबचं विचारलं. मितालीने जपून जुळवलेल्या मराठीत उत्तर दिलं.

"या ना, ताई. आमच्याकडे सगळं छान आहे."

मागच्या खुर्चीत गंगाबाई निवांत वारा घेत होत्या. मधे बोलायची त्यांना गरजच पडली नाही. मृदुला आणखी खालच्या आवाजात म्हणाली की मी अजून तुझ्याच बाजूने आहे, सासूबाईंचं मन वळेल, थोडा वेळ दे.

"तबक मीच भरून दिलं होतं," मिताली म्हणाली. "नारळ चांगला निघाला का, ताई?"

केंद्रात ती मृदुलाबेन म्हणाली होती. आता ओटी घेऊन गेलेल्या, सासूकडच्या बाईला म्हणावं तसं ताई. ते परत यायचं नाही, हे जिना उतरताना मृदुलाला गुडघ्यांइतकंच स्पष्ट कळत होतं.

आता जमाखर्च. गंगाबाईंना शेजारणींना सांगायला एक घरोब्याची ताई मिळाली, शिवाय मुलगा जागेवर राहिला. हार्दिकला डबा वेळेवर मिळत राहिला. वाचलेली फेरी मृदुलाने दुसऱ्यांदा जिना चढून फेडली. नारळ खरंच चांगला होता. त्याच्या वड्या केंद्रात सगळ्यांनी खाल्ल्या. लॅबमधली जागा दोन तारखेला दुसऱ्या मुलीला गेली. या सगळ्याची किंमत भरली मितालीने, आणि नारळही तिनेच निवडून दिलेला.