गंगाधरपंत मशीन पसंत करतात

"ज्याच्या हाती वल्हं, त्याच्या हाती कृष्णा!" सांगलीत आमच्या दारात उभं राहून गंगाधरपंतांनी जाहीर केलं आणि धापा टाकत पायरीवर बसले. नदीवरून आमच्या गल्लीपर्यंत चालत आले होते, एवढंच.

गल्लीच्या होडीत मधली जागा त्यांची, ऐन तारुण्यापासूनची. पण गेल्या पावसाळ्यातल्या शर्यतीत होडी त्यांच्या बाजूला कलली, गोल फिरली आणि निघाली तिथेच परत आली. पंतांच्या मते हा प्रवाहाचा दोष. होडीचा कप्तान सूरज याचं मत वेगळं होतं, पण तो मोठ्यांचा मान राखणारा. म्हणाला, "काका, पाच मिनिटं न थांबता ओढून दाखवा. जागा तुमची."

म्हणून घरी सराव करायला वल्हवायचं मशीन घ्यायचं ठरलं.

"नदी दाराशी आहे की!" पंतांच्या पत्नी क्षमावहिनी म्हणाल्या.

"नदीवर लोक बघतात," पंत म्हणाले.

साताऱ्यात अर्जुना सुभेदार म्हणून एक निवृत्त फौजी होते. त्यांनी काढलेली व्यायामशाळा बंद पडली होती आणि तिथली दोन मशीनं विकायची होती. सूरजच्या टेम्पोतून आम्ही तिघे गेलो. मशीन आणायचं आणि परीक्षाही तिथेच उरकायची, असा बेत.

पंत सरळ मशीनकडे निघाले. सुभेदार आडवे आले.

"आवं, आदी जेवा! मशीन काय पळून जातंय व्हय?"

"ओढून बघतो आणि मग..."

"उपाशी पावण्याला माझ्या घरात घाम आला न्हाई पायजे. विजयमाला, ताटं घे!"

सुभेदारीणबाईंनी पुरणपोळ्या केल्या होत्या. पंत नको म्हणायचे तेव्हा ताटावर हात आडवा धरत, पण बोटं फाकवून. त्या फटीतून तूप व्यवस्थित खाली उतरत होतं.

जेवणानंतर परीक्षा. पहिल्या मशीनला दोन दांडे होते, स्कूटरच्या शॉकअॅब्सॉर्बरसारखे. पंत बसले. बैठक मागे छान सरकली. पुढे येताना मात्र गुडघे आणि पुरणपोळ्या समोरासमोर आल्या.

"याची लांबी कमी आहे," पंतांनी निकाल दिला.

"सहा फुटी जवान बसायचं त्यावर," सुभेदार म्हणाले.

"जवान उंच असतो हो. माझी वाढ वेगळ्या दिशेची."

दुसऱ्या मशीनला पुढे जाळीत पंख्याचं चाक होतं. पट्टा ओढला की ते फिरे. जितकं जोरात ओढावं तितका वारा.

"सूरज, तू जरा ओढ. मी चाल बघतो," पंत म्हणाले आणि पंख्यासमोर खुर्ची घेऊन बसले. सूरजने ओढायला सुरुवात केली. पंतांच्या कपाळावरचे केस उडू लागले, डोळे मिटले.

"थांबू नकोस. चाल लक्षात येतेय."

पाच मिनिटं पुरी झाली. सूरजची.

"आता तुमी, काका."

पंत बसले, चारदा ओढलं आणि पट्टा खाली ठेवला. "हेच! हेच घ्यायचं! वारा काय सुटतो, अहाहा! टेम्पोत चढवा."

सुभेदारांनी मशीनसोबत कंदी पेढ्यांचा पुडाही चढवला.

परतीच्या वाटेवर पंतांनी यंदाच्या विजयाची मिरवणूक आखली: कुठून निघायची, हार कुठल्या रंगाचे, भाषण कुणी करायचं. भाषण ते स्वतःच करणार होते. मिरजेहून बँड बोलवायचंही ठरलं. आष्ट्याला चहासाठी थांबलो तेव्हा पंतांनी शेवटी विचारलंच.

"मग? माझी मधली जागा पक्की ना रे?"

सूरजने कप खाली ठेवला.

"काका, तुमी घाटावर पायजेच. तुमच्याबिगर न्हाई जमायचं."

"ते मला ठाऊक आहे!" पंत माझ्याकडे बघून म्हणाले. "बोल, काय करू?"

"लय न्हाई. पोरं होडीत बसली, की आमच्या चपला तेवढ्या सांभाळाल का?"