मावतील तेवढे शब्द

"तिन्ही पुस्तकं इंग्रजीत आहेत बरं का," ग्रंथालयातल्या बाई म्हणाल्या.

"माहीत आहे," वेइक्को म्हणाला.

"आणि चांगलीच जाड आहेत."

"तेही दिसतंय."

"मोबाइलचे प्रोग्रॅम लिहिणारी कॉलेजची पोरं नेतात ही. मुलासाठी का?"

"मला मूलबाळ नाही. एक शब्दकोशही द्या."

वेइक्कोने आयुष्यभर उत्तरेकडच्या बर्फाळ ओउलू शहरातल्या लिफ्ट दुरुस्त केल्या होत्या आणि आता तो निवृत्त झाला होता. बोलणं त्याला कधी जमलं नाही, आणि जमवायची वेळही आली नाही. घरातलं ते खातं त्याची बायको इर्मा सांभाळत होती. इर्मा शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती. तिने एक आवाज दिला की सगळी पोरं रांगेत उभी राहत.

वसंतात तिला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात लुळा पडला. समजायचं सगळं, पण वाचता-लिहिता येईना आणि तोंडातून एकच शब्द निघे, "तसंच." मीठ हवं असलं तरी तसंच, खिडकी लाव म्हणायचं असलं तरी तसंच.

इस्पितळाने तिला चित्रांचा पुठ्ठा दिला होता. लहान मुलासारखं त्यावर बोट ठेवायची तिला लाज वाटे. चहा-कॉफीच्या दुकानात गेलं की काउंटरवरची पोरगी वेइक्कोला विचारायची, "ह्यांना काय चालेल?" आणि वेइक्को सांगायचा, "तिला दालचिनीचा पाव द्या." दोनतीनदा असं झालं आणि इर्माने बाहेर जाणंच सोडलं. हिवाळा आला तशी ती दिवसभर पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागली.

मोबाइल हातात धरायची मात्र कुणाला लाज वाटत नाही, हे वेइक्कोच्या डोक्यात बसमध्ये आलं. बटण दाबलं की शब्द बोलेल असा मोबाइल त्या काळी दुकानात मिळत नव्हता. मग तो ग्रंथालयात गेला.

सकाळची कॉफी झाली की तो स्वयंपाकघरातल्या टेबलावर पुस्तकं आणि संगणक उघडून बसे. पुस्तकात 'थ्रेड' हा एक शब्द सारखा येई. शब्दकोशात त्याचा अर्थ 'दोरा' निघाला. त्या दोऱ्याचं काय करायचं, हे अख्खं प्रकरण संपलं तरी कळलं नाही. एका विसरलेल्या अर्धविरामापायी दोन दिवस गेले. पण हळूहळू ओळखीचं काही दिसायला लागलं. लिफ्टचं बटण दाबलं की ती हलते. दार उघडं असेल तर हलता कामा नये. पुस्तकही तेच सांगत होतं, फक्त फार पाल्हाळ लावून.

पहिल्यांदा त्याने स्वतःचाच आवाज भरला. इर्माने डाव्या अंगठ्याने बटण दाबलं. "संडासला जायचंय," मोबाइल वेइक्कोच्या घोगऱ्या आवाजात म्हणाला. इर्मा हसायला लागली. झटका आल्यापासून ती पहिल्यांदाच हसत होती, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग तिने मोबाइल टेबलावर दूर सारला.

वेइक्कोने तिच्या बहिणीला, हिल्काला बोलावलं.

"माझा आवाज? हिच्या मोबाइलमध्ये?" हिल्का बूट काढता काढता म्हणाली. "जन्मभर मला म्हणाली, हिल्के, तोंड आवर. आता घे!"

"तसंच," इर्मा फणकारली.

हिल्काने शब्द नीट म्हटले. पाणी. औषध. दुखतंय. थकवा आलाय. थंडी वाजतेय. इर्माने एकेक बटण दाबून ऐकलं आणि मान हलवली. नको.

"अगं, काय नको? आवाज?"

इर्माने वेइक्कोकडे बोट केलं. मग दोन बोटांनी आपले ओठ चिमटीत धरले.

हिल्काने वेइक्कोकडे पाहिलं. "ह्याने गप्प बसावं?"

"तसंच!" इर्मा ओरडली.

वेइक्को खुर्चीवर मागे टेकला. "मी तर घरात बोलतच नाही."

"घरात नाही रे. बाहेर. तिच्याऐवजी बोलतोस ते."

त्या दुपारी इर्माने हातवारे केले, हिल्काने अंदाज बांधले आणि अशी चार वाक्यं ठरली: 'माझ्याकडे बघून बोला.' 'मला सगळं समजतं.' 'गप्प बस, वेइक्को.' 'मी एकटी जाते.'

संगणकाच्या पडद्यावर सगळं ठीक चाललं, पण मोबाइलमध्ये जाईना. वेइक्कोने पुस्तक चाळलं. त्या वेळच्या साध्या मोबाइलमध्ये जागाच तेवढी नव्हती. वाक्य म्हणजे दोनतीन शब्दांची जागा खाणार.

"सगळं नाही मावत," तो इर्माला म्हणाला. "माफ कर. ही वाक्यं काढू का?"

तिने मोबाइल ओढून घेतला. 'औषध' दाबलं, ऐकलं आणि हात झटकला. काढ. 'थकवा आलाय' काढ. 'थंडी वाजतेय' काढ.

"'दुखतंय' तरी राहू दे, इर्मा. रात्री काही झालं तर मला कसं कळणार?"

तिने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग त्याच्या गालावर हात ठेवला, थोडा वेळ तसाच ठेवला आणि मान हलवली. वेइक्कोने 'दुखतंय' काढून टाकलं. चारही वाक्यं मावली.

मार्चमधल्या एका गुरुवारी इर्माने डाव्या हाताने कोट चढवला. शाळेच्या स्वयंपाकघरातल्या जुन्या बायका गुरुवारी एकीच्या घरी जमत. वेइक्को टोपी घ्यायला उठला.

"मी एकटी जाते," मोबाइल म्हणाला.

"रस्त्यावर अजून बर्फ आहे गं. आणि उतरायचं कुठे ते..."

"गप्प बस, वेइक्को."

दार लागलं. तो खिडकीशी जाऊन उभा राहिला. खाली ती बर्फावर वाळू टाकलेल्या पायवाटेवरून एक पाय ओढत थांब्यापर्यंत पोचली. बस आली. इर्मा पायरी चढली आणि तिने मोबाइल ड्रायव्हरपुढे धरला. ड्रायव्हर वाकला. त्याने कानामागे हात नेला. तिने पुन्हा बटण दाबलं, बहुधा 'माझ्याकडे बघून बोला'चं. तिच्यामागे दोघंतिघं ताटकळत होती. वेइक्कोचा हात नकळत खिडकीच्या कडीवर गेला.

तेवढ्यात बसच्या मागच्या नळीतून निघणारा पांढरा धूर थांबला. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं होतं. तो इर्माच्या तोंडाकडे बघत होता. तिने तिसऱ्यांदा बटण दाबलं. त्याने मान डोलावली.

मग धूर पुन्हा सुरू झाला. इर्मा खिडकीजवळ बसली होती. तिने वर पाहिलं नाही. बस वळणावर दिसेनाशी झाली, तरी वेइक्को उभाच होता. स्वयंपाकघरात कॉफी तयार होती. सवयीने दोघांपुरती झाली होती.