सातव्या महिन्यात रिकामं ठेवलेलं घर

माझ्या नवऱ्याला, बून ल्योंगला, मी आयुष्यभर बावळट म्हणत आले. तेवीस वर्षं त्यानं इथं मलेशियात, पेनांगला बस चालवली. निवृत्तीला फंडाची सगळी रक्कम हातात आली तर हा म्हणे, बँकेत ठेवू. मी म्हटलं, ठेवून काय लोणचं घालायचंय? थोडं कर्ज काढून घर घेऊ, भाड्यातून हप्ता जाईल, म्हातारपणी घर आपलं. बिचारा हो म्हणाला. बटरवर्थला दुमजली घर घेतलं. आगीचा विमा बँकेनंच काढायला लावला. तो कागद मी बिस्किटांच्या डब्यात टाकला. वाचला नाही. कोण वाचतं मेलं ते बारीक अक्षर?

सगळं सुरळीत चाललं होतं. मग जुना भाडेकरू घर सोडून गेला, आम्हा चिनी लोकांचा सातवा महिना, म्हणजे भुतांचा महिना, लागायच्या पाच दिवस आधी. दोनच दिवसांत तेन्मोळी नावाची नर्स नवऱ्याला घेऊन आली. घर पसंत, अनामत तयार.

"आंटी, शनिवारी सामान आणतो."

"शनिवारी? अगं, सातवा महिना लागलेला असेल! भुतं मोकळी सुटलेली असतात. नव्या घरात कोणी पाऊल ठेवतं का?"

"आमच्यात नाही हो असं काही."

"तुमच्यात नसेल. घर माझं आहे ना?"

ती हसली. महिना संपल्यावर येते म्हणाली. बून ल्योंग मात्र घरी येईपर्यंत कुरकुरत होता. "तिला भुतांची भीती नाही, मग तू कशाला तिच्या वाटणीचं घाबरतेस?"

"तू गप्प बस," मी म्हटलं. तो गप्प बसला.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी सगळ्या गल्लीनं भुतांसाठी खोट्या कागदी नोटा जाळल्या. मीही त्या घराच्या फाटकाबाहेर संत्री, भात ठेवला, नोटांचा ढीग पेटवला, हात जोडले आणि घरी आले. घराला हवा लागावी म्हणून वरची खिडकी मीच उघडी टाकली होती. जळता कागद उडून तिथल्या जुन्या गादीवर पडला. कुणाच्या ढिगातला, देव जाणे. माझ्या ढिगातलाही असेल. आत कोणी राहत असतं तर आग बादलीभर पाण्यात विझली असती. बंब येईपर्यंत वरचा मजला छपरासकट गेला.

विमा कंपनीकडून ओई नावाचे गृहस्थ चौकशीला आले. सभ्य माणूस. विचारलं, "घर कधीपासून रिकामं होतं?"

मला वाटलं, आपण किती नियमानं वागतो ते यांना कळू दे. "पस्तीस दिवस! भाडेकरू दारात उभा होता, पण सातव्या महिन्यात मी कुणाला पाऊल टाकू दिलं नाही."

टेबलाखाली बून ल्योंगनं माझा पाय दाबला. मला वाटलं, चहाचं विचार म्हणतोय. मी चहा टाकला आणि मग ओईंनी लिहिलेल्या कागदावर सही केली.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. घर सलग तीस दिवसांहून जास्त रिकामं ठेवायचं तर आधी कळवायला हवं होतं, कळवलं नाही, दावा नामंजूर. फंड गेला. हप्ते अजून अकरा वर्षं. मी पत्र तीनदा वाचलं आणि रडायलाही येईना.

"तू माझा पाय दाबलास," मी म्हटलं. "तुला ठाऊक होतं?"

"पॉलिसी आली त्याच दिवशी वाचली होती."

"मग महिनाभर तोंडाला काय झालं होतं तुझ्या?"

"बोललो होतो. तू गप्प बस म्हणालीस." तो रागावलासुद्धा नाही. उठून कपाटातून बस चालवायचा जुना गणवेश काढला आणि पोटावर बटण लागतंय का बघू लागला. एकसष्टावं चालू आहे त्याला.

तेवढ्यात फोन वाजला.

"आंटी, तेन्मोळी बोलतेय. तुमचा तो महिना संपून किती दिवस झाले, तुम्ही कळवलंच नाहीत! आम्ही सामान बांधून बसलोय. आता येऊ ना राहायला?"