बिनकडीचे रुपये

आमचा बब्रुवान देशाच्या मोठ्या बँकेचा गव्हर्नर झाला, म्हनून आमच्या मुरूम गावात पेढे वाटले. पेपरवाले लिहितात, परदेशात शिकला. शिकला असंल. पन त्याची पयली बँक माज्या बांगड्यांच्या पाटीशेजारी भरली व्हती, ती कुनी इचारत न्हाय. म्हनून मीच सांगते, शरिफाबी मनियार.

निजामाचं राज्य जाऊन वरीस सरत आलं व्हतं. आमच्याकडं अजून निजामाचा हाली रुपया चालायचा. सोलापूरकडनं हिंदुस्थान सरकारचा यायचा तो कलदार. सात हालीला सहा कलदार, हा भाव ल्हान लेकरालाबी ठाव. अन् एका बाजारी कुनीतरी आवई उठवली की हाली बंद होनार, त्याची माती होनार.

मग काय, बाया निघाल्या बंडप्पा सोनाराकडं. पैसा बुडला तरी चांदी गळ्यात ऱ्हाईल म्हनून जो तो रुपयाला कडी लावून माळ करून घ्याया लागला. आता कडी लावलेला रुपया बाजारात कोन घेतंय? पन डोकं ठिकानावर कुनाचं व्हतं! अन् ज्याला कडी नको, त्याला बंडप्पा सातला तीनच कलदार द्यायचा, मुडदा बशिवला त्याचा.

माजा मालक जाऊन लई वर्सं झालती. पाटी डोईवर घिऊन फिरून मान मोडाया आली, म्हनून येक दुकान घ्यायचं, येवढ्यासाठी म्या हाली साठवले व्हते. ते गाठोडं घिऊन मीबी सोनाराच्या ओट्यावर बसले, पाटी खाली ठिवून.

तितं बब्रुवान आला. शेजारच्या दगडाबाईचा ल्योक, सोलापुरात अर्थशास्त्र शिकून पुढं शिकाया मुंबईला निघालेला.

"खाला, कडी लावू नका," म्हनला. "सरकार हालीचा भाव मोडनार न्हाय."

"तुजं काय जातंय बोलाया?" म्या म्हनले.

त्यो तडक घरी गेला अन् मुंबईच्या फीचे सगळे कलदार घिऊन आला. माज्या पाटीशेजारी चादर आथरली. "सातला सहा. ज्याला पायजे त्यानं यावं."

पयली मीच. गाठोडं सोडलं अन् कलदार पदरात बांधले. मागं ही रांग लागली. दगडाबाईच्या हातची भाकर खाल्लेली मानसं, पन येकालाबी लाज न्हाय. हालीचा ढीग वाढत गेला अन् कलदार सरत आले. बब्रुवान घामानं भिजला. दगडाबाई लांब हुबी, पदराचा बोळा तोंडात धरून. कलदार सपले की रांग बोंबलनार, मग हालीला कुत्रंबी हुंगनार न्हाय, अन् पोराची मुंबईबी गेली. मला सगळं दिसत व्हतं.

पदरात दुकान व्हतं माजं. अन् मागच्या वर्साच्या मारकाटीच्या भ्यानं आमी मुसलमानांनी बाजारात मोठ्यानं बोलायचंबी सोडलं व्हतं. तरी उठले, मानसं सारली अन् कलदार त्याच्याम्होरं ठिवले.

"हे घे तुजे. माजे हाली दे."

त्यो म्हनला, "खाला, तुमाला बदलायचे व्हते न्हवं?"

"मागंल तवा मिळतेत, बघितलं की. मग आजच कशाला?"

मागं कुनीतरी हसलं. नबीलाल पिंजारी म्हनला, "माजंबी म्होरच्या बाजारी बघू." हां हां म्हनता रांग पातळ झाली. बंडप्पानं दुपारीच दुकान बंद केलं.

हाली बुडला न्हाय. भाव त्योच ऱ्हायला. बब्रुवान मुंबईला गेला अन् माजं दुकान झालं, तुमी बसलाव ते हेच.

गव्हर्नर झाल्यावर इथं आला, याच पायरीवर टेकला. म्हनला, "खाला, येवढी वर्सं इचारीन म्हनतोय. त्या दिशी माजं चुकलं असतं, हाली बुडला असता, तर तुमी काय केलं असतं?"

"काय करनार? रोज तुज्या आईकडं जेवाया आले असते," म्या म्हनले. "तूबी तितंच असतास की, घरी."

लई हसला. मग चष्मा काढून डोळं पुसलं.